काम आणि आनंद



वैशाखातल्या अशा संध्याकाळी, दिवसभराचे काम उरकून, घामाने भिजलेले कपडे बदलून आपण येथे आलात, आणि ते कशासाठी, तर कामावरचे व्याख्यान ऐकण्यासाठी! याबद्दल आपले कौतुक करावे की कीव करावी, हे आम्हाला समजेनासे झाले आहे. चालकांनी आम्हाला विषय दिला होता तो 'कामातील आनंद' असा. त्यात आम्ही थोडा फेरफार मागून घेतला. 'कामातील आनंद' म्हटले की करंजीत जसे सारण असते तसा आनंद कामाच्या पोटात आधीच भरून ठेवलेला आहे, आणि तो ज्याला सापडत नाही त्याचाच काही तरी दोष, असे गृहीत धरल्यासारखे होते. ते तसे आहे की नाही, हेच तर आज पाहायचे आहे. म्हणून आपण नुसते 'काम आणि आनंद' म्हणू. दोघांची सोयरीक आहे की रस्त्यावरची तोंडओळख, हे बोलता बोलता कळेल.

हा फेरफार मागायला एक कारण घडले होते. काही वर्षांपूर्वी औषधांच्या एका कारखान्यात वर्धापनदिनानिमित्त आम्हाला बोलावले होते. तेथेही विषय हाच. आम्ही पाऊण तास बोललो. काम म्हणजे पूजा, कामात जीव ओतला म्हणजे थकवा येत नाही, दगड फोडणाऱ्यानेही आपण देऊळ बांधतो आहोत असे मनात आणावे, वगैरे वगैरे. टाळ्या बऱ्यापैकी पडल्या. मग चहा आला. आमच्याजवळच्या बाकावर डब्या भरण्याच्या खात्यातल्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक पन्नाशीची बाई उठून आमच्याजवळ आली आणि म्हणाली, "साहेब, एक विचारू का? रागावू नका." आम्ही मोठ्या उदारपणाने "विचारा ना" म्हटले. ती म्हणाली, "गोळ्यांच्या डबीत एक कागद असतो बघा, बारीक अक्षराचा. त्याची घडी करून तो डबीत घालायचा, हे माझं काम. अकरा वर्षं झाली. त्या कागदात काय लिहिलेलं असतं हो?"

आम्ही आजूबाजूला पाहिले. व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, "मावशी, चहा थंड होतोय." ती मुकाट्याने परत जाऊन बसली. आम्ही चहा प्यालो, शाल-श्रीफळ घेतले आणि मोटारीत बसून घरी आलो. येताना एकच विचार मनात घोळत होता. पाऊण तासात आम्ही जे काही सांगितले, त्यातला एक शब्द तरी या बाईच्या उपयोगी पडला असता का? दगड फोडणाऱ्याला आपण देऊळ बांधतो आहोत असे मनात आणता येते, पण तेव्हा, जेव्हा देऊळ कोठे आहे, कोणत्या देवाचे आहे, एवढे तरी त्याला कोणी सांगितलेले असते. या बाईला अकरा वर्षांत आपल्या हातातल्या कागदाचा मजकूर कोणी सांगितला नव्हता, आणि आम्ही तिला कामात जीव ओतायला सांगून आलो होतो.

त्या दिवसापासून या विषयावर बोलायचे आम्ही टाळत आलो. आज टाळले नाही, कारण या मधल्या काळात आम्हाला थोडेफार वाचायला आणि पाहायला मिळाले.

आपल्याकडे या विषयाचा आरंभ संत सावता माळ्यापासून करण्याची चाल आहे. आम्हीही त्या कारखान्यात तसाच केला होता. तेराव्या शतकातले हे सत्पुरुष, सोलापूर भागातल्या अरणचे. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, विठ्ठलच मळ्यात आला, असे परंपरा सांगते. भाजीपाल्यात ज्याला देव दिसला तो कामातल्या आनंदाचा परमोच्च दाखला, यात संशय नाही. परंतु दाखला देणारे एक बारीकशी गोष्ट विसरतात. मळा सावतोबांचा होता. कोणत्या वाफ्याला आज पाणी द्यायचे, खुरपणी सकाळी करायची की उन्हे कलल्यावर, मध्येच हात थांबवून भजन म्हणायचे की नाही, हे ठरवणारा मुकादम त्यांच्या डोक्यावर उभा नव्हता. विठ्ठल मळ्यात आला तेव्हा "कामाच्या वेळेत भेटीगाठी बंद" अशी पाटी तेथे लावलेली नव्हती. तीच गोष्ट गोरोबा कुंभारांची. माती तुडवताना पायाखाली मूल आले तरी त्यांना भान नव्हते, ही कथा आपण सारे लहानपणापासून ऐकतो. तल्लीनतेचा दाखला म्हणून ती सांगतात खरी, पण ती तल्लीनता मातीतली नव्हती, नामातली होती. संतांच्या नावाने आपण सांगतो एक आणि संतांचे असते दुसरे, असे पुष्कळदा होते. असो.

आता संतांवरून आपण आपल्या आजीपणजीकडे येऊ. आज येथे बसलेल्यांपैकी ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांनी जाते पाहिलेले असेल, कदाचित फिरवलेलेही असेल. तरुण मंडळींनी ते लग्नात हळद दळण्यापुरते पाहिले असेल. जाते फिरवणे हे काम हलके नव्हे. वरची पाळी वजनदार. खुंटा धरून ती ओढायची, ढकलायची, दुसऱ्या हाताने मूठ मूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे, पाळी गुळगुळीत झाली की पाथरवटाकडून तिला टाकी लावून घ्यायची. घर मोठे असेल तर पहाटेच्या अंधारात उठून हे काम सुरू करावे, तेव्हा सकाळच्या भाकरीला पीठ मिळायचे. या कामाचे कोणी पैसे देत नव्हते, आणि 'आज नको' म्हणण्याची मुभाही कोणाला नव्हती.

आणि गंमत अशी की आपल्या भाषेतल्या गाण्याचा सर्वांत मोठा साठा या कामातून निघाला. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी १९८० नंतरच्या काळात आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. एक लाख! कोणत्या राजाच्या पदरी असलेल्या कवींनी एवढी रचना केली असेल? आणि या रचणाऱ्या बहुतेक साऱ्या निरक्षर, खेड्यातल्या, कष्टकरी बायका.

हे ऐकले की आमच्यासारखा व्याख्याता लगेच पुढे सरसावतो आणि म्हणतो, पाहा, श्रमात आनंद असतो तो असा! परंतु ओव्या जरा सावकाश ऐकाव्यात. त्यांत काय आहे? माहेर आहे, भाऊ आहे, आईची आठवण आहे, पंढरीचा विठ्ठल आहे, सीतेचा वनवास आहे, सासरचा जाच आहे, आणि पुढच्या काळात बाबासाहेब आंबेडकरही आहेत. जात्याला देव मानून त्याच्यापाशी मन मोकळे केलेले आहे. दळण्यात मजा येते, असे मात्र त्यांत फारसे कोठे आढळत नाही. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या. डोक्यावर डबा घेऊन बायका गिरणीच्या दारात उभ्या राहिल्या, आणि जाते सोडताना एखादीने मागे वळून पाहिल्याचे आमच्या ऐकिवात नाही. काम आनंदाचे असते तर ते इतक्या सुखाने कोणी सोडले असते का?

मग ती एक लाख गाणी आली कोठून? आमच्या मते ती दळण्यातून आलेली नाहीत, ती त्या वेळेतून आलेली आहेत. पहाटेची वेळ. घरातले पुरुष झोपलेले, सासू झोपलेली. समोर जाऊ किंवा शेजारीण, खुंट्यावर दोघींचे हात. जात्याचा वेग किती ठेवायचा, हे त्या दोघींनी ठरवायचे. मूठ केव्हा सोडायची, हेही त्यांनीच. ओवीला ठेका जात्याचा, पण बोल आपले. दिवसाच्या बाकी सगळ्या वेळेत ज्या बाईला तोंड उघडायची चोरी, तिला या एका वेळेत हवे ते, हव्या त्या आवाजात म्हणता येत होते, आणि ते ऐकायला समोर एक समदुःखी माणूस होते. सक्तीच्या कामात तिने आपल्या मालकीचा एक कोपरा मिळवला होता. गिरणी आली, कष्ट गेले ही चांगलीच गोष्ट झाली. पण तो कोपराही गेला. दळण दळून आणायला तिला वेळ मिळाला, मन मोकळे करायला मात्र दुसरी जागा कोणी करून दिली नाही.

हा कोपरा मोठा नाजूक असतो. यंत्राने आणि हिशेबाने तो कसा नाहीसा होतो, याची एक कथा परदेशातली आहे. आम्ही ती थोडी विस्ताराने सांगतो, कारण आज जगभर लोक ज्या रीतीने काम करतात ती पुष्कळशी तेथे ठरली.

अ‍ॅडम स्मिथ याने १७७६ साली आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या आरंभी टाचण्यांच्या कारखान्याचे वर्णन केले आहे. एकट्या माणसाला दिवसात वीस टाचण्याही धड करता यायच्या नाहीत. पण तेच काम सुमारे १८ तुकड्यांत वाटून दिले, एकाने तार ओढली, दुसऱ्याने सरळ केली, तिसऱ्याने तोडली, चौथ्याने टोक काढले, तर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे पान पाठ असते. त्याच ग्रंथात पुष्कळ पुढे, पाचव्या भागात, हाच स्मिथ म्हणतो की ज्याचे सारे आयुष्य अशा दोनचार क्रियांत जाते त्याला बुद्धी चालवायची संधीच मिळत नाही, आणि माणूस जितका मंद होऊ शकतो तितका तो होतो. ते पान मात्र परीक्षेला येत नसावे. टाचण्यांचा हिशेब सर्वांनी घेतला, माणसाचा हिशेब ग्रंथातच राहिला.

पुढे १९१३ साली अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी आपल्या हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी-साखळी सुरू केली. माणूस जागेवर उभा, मोटारीचा सांगाडा त्याच्यापुढून सरकत जातो, आणि प्रत्येकाने आपला एक बोल्ट घट्ट करायचा. जे जोडकाम पूर्वी साडेबारा तासांचे होते ते थोड्याच महिन्यांत सुमारे दीड तासावर आले. हिशेबाच्या दृष्टीने हा चमत्कारच. पण त्याच वर्षी सुमारे १४,००० माणसांचा कारखाना चालू ठेवण्यासाठी ५२,००० च्या वर माणसे भरती करावी लागली! माणसे येत, काही दिवस बोल्ट पिळत, आणि निघून जात. अखेर १९१४ च्या जानेवारीत फोर्ड यांनी दिवसाला आठ तास आणि पाच डॉलर असा दर जाहीर केला. त्या वेळच्या मानाने तो दुपटीच्या घरात होता. दारात रांगा लागल्या, माणसे टिकली. वाढलेल्या पगाराने पुष्कळ संसार उभे राहिले, आणि त्याला हलके लेखण्याचे पाप आम्ही करणार नाही. पोटाला पुरेसे न मिळता आनंदाच्या गोष्टी सांगणे हा अनाचार आहे. परंतु एवढे लक्षात घ्या की पाच डॉलर हे काम आवडावे म्हणून दिलेले नव्हते, न आवडणारे काम सहन करावे म्हणून दिलेले होते.

आता त्या जात्यावरच्या बाईची आठवण ठेवून पुढचे ऐका. फोर्डच्या कारखान्यात काम करताना गाणे, शीळ घालणे, एकमेकांशी बोलणे यांना बंदी होती. माणसे तरीही बोलत. ओठ न हलवता, नजर कामावर ठेवून पुटपुटायचे, ही कला त्यांनी साधली. तिला तेथे 'फोर्ड कुजबुज' असे नावच पडले होते. आमच्या मते यंत्रयुगातल्या कामाची सगळी कहाणी या दोन शब्दांत येते. ओवीची कुजबुज झाली.

याच सुमारास शिकागोजवळ हॉथॉर्न येथे टेलिफोनचे सामान करणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात काही प्रयोग चालू होते. १९२४ साली प्रश्न एवढाच होता, की उजेड वाढवला तर काम वाढते का. उजेड वाढवला, काम वाढले. उजेड कमी केला, तरी काम वाढले. संशोधक गोंधळले. मग १९२७ साली पाच मुलींना मोठ्या दालनातून काढून वेगळ्या खोलीत बसवले. टेलिफोनमधला रिले नावाचा भाग, पस्तीसेक तुकड्यांचा, मिनिटभरात जोडायचा, हे त्यांचे काम. त्यांना मधली सुट्टी दिली, अल्पोपाहार दिला, घरी लवकर सोडले, पगार पाचजणींच्या कामावर बांधून दिला. दर वेळी काम वाढत गेले. शेवटी या सवलती काढून घेतल्या, आणि तरीही आठवड्याचे काम खाली आले नाही!

यावरून एल्टन मेयो प्रभृतींनी निष्कर्ष काढला तो व्यवस्थापनाच्या शाळांतून आजही शिकवतात. माणसाला आपल्याकडे कोणी लक्ष देते आहे असे वाटले, कोणी विचारपूस केली, की त्याला हुरूप येतो. यात तथ्य आहेच. पुढच्या अभ्यासकांनी या प्रयोगांतले दोष दाखवले, पगाराच्या बांधणीचा वाटा किती होता ते काढून दाखवले, तेही वाचण्यासारखे आहे. परंतु आम्हाला खिळवून ठेवले ते त्या अहवालांतल्या दुसऱ्याच एका गोष्टीने. प्रयोग चालू असताना, १९२८ च्या आरंभी, पाचजणींपैकी दोघींना त्या खोलीतून काढून मूळ दालनात परत पाठवण्यात आले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. त्यांचा अपराध काय? त्या फार बोलत होत्या. कामगार सुखी कसा होईल हे शोधायला निघालेल्या प्रयोगशाळेतून गप्पा मारणाऱ्या मुलींना घालवून दिले! पाठीवर हात ठेवून विचारपूस करायला सगळे तयार असतात. अडचण सुरू होते ती माणूस उत्तर देऊ लागला की.

'मावशी, चहा थंड होतोय' हे वाक्य आम्हाला तेव्हा पुन्हा आठवले.

हे झाले परदेशाचे. आपल्याकडे या प्रश्नाला ज्यांनी प्रथम हात घातला त्यांनी आनंदाचे नावही काढले नव्हते. ते होते नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीत भांडारपालाचे काम केलेले. १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी जे मागितले ते असे: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पंधरा तारखेच्या आत. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी त्यावर सह्या केल्या. मागण्या वाचल्या की डोळ्यांत पाणी येते. सूर्य मावळल्यावर आम्हाला सोडा, एवढेच माणसे मागत होती. सहा वर्षे गेली. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही उभ्या राहून बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवार आपण इतका गृहीत धरून चाललो आहोत की तो कोणी तरी मिळवला, हेच विसरलो. कामाचा आनंद या विषयात आम्ही लोखंड्यांना का आणले, असे कोणी विचारील. ज्या कामाला शेवट नाही त्यात आनंदाचा प्रश्नच उद्भवत नाही, म्हणून आणले. कामाला कड असावी लागते, नदीला काठ असावा तशी. रविवार मिळाला आणि गिरणगावात तालमी, भजनी मंडळे, शाहिरांचे फड, नाटकमंडळ्या यांना जागा झाली. अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांचा आवाज त्याच गिरणगावात घुमला. नारायण सुर्वे यांनी गिरणीत काम केले होते, हे आपण जाणताच.

जाता जाता एक सांगितल्यावाचून राहवत नाही. लोखंड्यांचा रविवार स्वयंपाकघरात अजून पोचलेला नाही. रविवारी तर तेथे काम दुप्पट असते. येथे बसलेल्या भगिनी हसल्या, पण पुरुषमंडळी हसली नाहीत, याची नोंद चालकांनी घ्यावी.

गिरणगावाचा विषय निघाला म्हणून एक अनुभव. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाखांच्या आसपास कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या हळूहळू कशा मिटत गेल्या, हे आपणास ठाऊक आहे. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी परळच्या एका चाळीत साचेखात्यातल्या एका वृद्ध विणकराशी आमचे बोलणे झाले. त्यांना कानांनी कमी येत होते. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्याचा तो प्रसाद. आम्ही मुद्दामच विचारले, "बाबा, काम आवडायचं का हो?" ते म्हणाले, "काम वाईट. उकाडा, कापसाचा धुरळा, जॉबरची बोलणी. पण माझा साचा मला कळायचा. धागा तुटायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो मला कळायचा, जॉबरला नाही." हे सांगताना त्या बहिऱ्या म्हाताऱ्याने मान किंचित कलती केली, जणू साचा शेजारीच चालू आहे. श्रोतेहो, त्या उकाड्यात आणि धुरळ्यातही या माणसाजवळ एक वस्तू अशी होती की जी मुकादमाजवळ नव्हती. पहाटेच्या जात्यावरचा कोपरा तो हाच. साचा मालकाचा, कापड मालकाचे, पण तुटण्याआधीचा आवाज ओळखणारा कान त्याचा.

येथे विद्वान लोक एक शंका काढतील आणि ती रास्त आहे. मिहाय चिक्सेंतमिहाय नावाच्या मानसशास्त्रज्ञाने शिकागोत वर्षानुवर्षे एक गमतीचा अभ्यास केला. नोकरदार माणसांजवळ त्याने एक छोटे यंत्र दिले. ते दिवसातून केव्हाही वाजे, आणि वाजले की त्या क्षणी आपण काय करतो आहोत व मनाची स्थिती कशी आहे, ते माणसाने टिपून ठेवायचे. १९८९ साली ज्यूडिथ लफेव्हर यांच्यासह त्याने जे प्रसिद्ध केले ते उलटेच निघाले. कौशल्य पणाला लागून माणूस रंगून जातो असे क्षण फावल्या वेळेपेक्षा कामाच्या वेळेतच अधिक सापडले. आणि तीच माणसे त्याच कामाच्या वेळी लिहीत होती की आपण येथे नसतो तर बरे झाले असते! घरी पडल्या पडल्या कंटाळलेली माणसे कामावर जायला नको म्हणत होती.

मग आमचे सारे म्हणणे खोटे पडले का? आम्हाला तसे वाटत नाही. रंगणे आणि सुखी असणे या दोन गोष्टी आहेत. बुद्धिबळाच्या पटावर प्यादेही मोठ्या रंगाने पुढे सरकत असेल. पण आपला वेळ दुसऱ्याने विकत घेतला आहे ही जाणीव मनाच्या तळाशी बसलेली असली, तर वरचा रंग तळापर्यंत झिरपत नाही. हात रंगतात आणि मन घड्याळाकडे पाहते. ही जाणीव केवळ उपदेशाने जायची नाही.

ती कशी कमी होईल, याचे उत्तर मुळीच अवघड नाही, फक्त ते महाग आहे असे मालकांना वाटते. स्वीडनमध्ये व्होल्व्हो कंपनीने १९७४ साली काल्मार येथे आणि १९८९ साली उद्देव्हाला येथे सरकती साखळी मोडून मोटारी करून पाहिल्या. उद्देव्हाला येथे तर लहान लहान तुकड्या जवळजवळ सबंध मोटार आपल्या हाताने जोडीत, कोणी काय करायचे हे आपसात ठरवीत. मोटारी नीट चालल्या. पुढे मागणी घटली तेव्हा कंपनीने १९९३ साली उद्देव्हाला आणि १९९४ साली काल्मार बंद केले. कारणे काय, यावर पंडितांत अजून वाद आहे. पण सबंध वस्तू माणसांच्या हाती दिली तर ती बिघडते, ही समजूत तरी तेथे खोटी ठरली.

आमच्या येथल्या नव्या कचेऱ्यांत तोडगा निराळा निघाला आहे. तेथे मधल्या मोकळ्या जागेत टेबल-टेनिसचे टेबल मांडतात, भिंतींना भडक रंग देतात, शुक्रवारी फुगे लावतात, आणि रात्री दहा वाजता मोबाइलवर निरोप पाठवून सकाळपर्यंत तक्ता मागतात. आनंद हाही आता कचेरीतून वाटप होणारा जिन्नस झाला आहे. आमचा एक तरुण स्नेही तेथे काम करतो. तो म्हणाला, "काका, टेबल-टेनिस खेळायचं की नाही हे मला ठरवता येतं. काम कसं करायचं ते नाही. मला उलटं चाललं असतं." लोखंड्यांनी सूर्यास्ताची कड मागितली होती. या मुलाच्या कामाला सूर्यास्तच नाही.

तेव्हा आम्ही मालकांना, साहेबांना, मुख्याध्यापकांना, आणि घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांना एवढेच विचारू की आपल्या हाताखालच्या माणसाला त्याच्या कामातली कोणती गोष्ट स्वतः ठरवता येते? एक तरी सांगता येते का? आणि तो जे करतो ते शेवटी कोठे जाऊन पोचते, हे त्याला कोणी सांगितले आहे का? त्या औषधाच्या कारखान्यात या दुसऱ्या गोष्टीला पाच मिनिटे आणि एक वाचता येणारा माणूस, एवढाच खर्च होता.

राहिले त्या बाईचे उत्तर. ते तिला मिळाले नाही, आणि त्यात आमचाही वाटा आहे. आम्हाला तेथल्या तेथे तो कागद मागून वाचून दाखवता आला असता. गेल्या वर्षी आमच्या घरी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. डबी उघडली तर आत तोच बारीक अक्षरांचा कागद. कारखाना तोच की दुसरा, हे पाहण्याचे धैर्य झाले नाही. भिंग घेऊन आम्ही तो सगळा वाचला. गोळी केव्हा घ्यावी, चुकली तर काय करावे, कोणी ती घेऊ नये, चक्कर आली तर काय समजावे, गरोदर स्त्रीने काय जपावे, असे सगळे त्यात होते, सगळे इंग्रजीत. वाचून झाल्यावर तो पुन्हा डबीत ठेवावा म्हणून आम्ही घडी घालू लागलो. उभी घातली, आडवी घातली. चष्मा लावून, जुन्या दुमडी शोधून शोधून घातली. अर्धा तास खटपट केली. कागद काही डबीत गेला नाही.